दुसरी 'ब'च्या नव्या बाईंसाठी

बाई, किल्ली डाव्या कुंडीखाली आहे.
दार लोटू नका, सावकाश ओढून घ्या.
कंटेनरचा पत्रा, दणका थेट तळपायातून चढतो
आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच
अख्खा वर्ग बाकांखाली.
चौकटीला मी जुन्या टायरची पट्टी ठोकलीय.
सुटली तर शिपाई नेजिपला सांगा.
कशासाठी, हे तो विचारणार नाही.

हजेरी घाईनं उरकू नका.
नुसता 'हजर' ऐकून रेघ मारू नका, मान वर करून बघा.
आपण दिसलो, हे त्यांना दिसू द्या.

यामान बूट काढत नाही.
खेळाच्या तासाला नाही, गादीवरसुद्धा नाही.
त्या रात्री तो अनवाणी होता,
पाऊस होता, काचा होत्या.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले, शिस्त.
मी म्हटलं, हो साहेब,
आणि बाजारातून चार पायपुसणी आणली.

सेहेर फळ्याकडे पाठ करून बसते,
तिला दार नजरेआड चालत नाही.
तशीच बसून सातचा पाढा बिनचूक म्हणते.
पाढा बघायचा, पाठ नाही.

उबैदा सीरियाचा.
त्याचं पहिलं घर पडलं तेव्हा तो आईच्या कडेवर होता.
लोक म्हणतात, त्याला सवय असेल.
बाई, असली सवय लागत नसते.

अंकाराहून एक मॅडम आल्या होत्या, तीन दिवस प्रशिक्षण.
मी मागं बसून जांभया दिल्या.
पण एक गोष्ट त्यांची खरी निघाली:
दिवसभरात काय काय होणार ते सकाळीच फळ्यावर लिहा,
आणि तसंच होऊ द्या.
ज्यांच्यावर छप्पर न सांगता आलं
त्यांना अचानक काही नको.
वाढदिवसाचा केकसुद्धा नको.

कुणी पुस्तक भिरकावलं तर मी नदीची गोष्ट काढते.
आमची आसी उलटी वाहते, दक्षिणेकडून उत्तरेकडे,
नावाचा अर्थच बंडखोर.
फेकणारा जरा वेळानं स्वतःच पुस्तक उचलून आणतो.
कधी नाही आणत.

पान बेचाळीस. घड्याळ.
हा धडा मी दोनदा गाळला.
तिसऱ्यांदा सेहेर उठून पुढं आली,
पुठ्ठ्याचं घड्याळ घेतलं, काटे फिरवले,
लहान चारच्या किंचित पुढं, मोठा तीन ओलांडून दोन रेघा.
चार सतरा.
वर्ग थिजला.
माझी जीभ टाळ्याला चिकटली.
माझी बहीण पाचव्या मजल्यावर राहायची.
हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहून झालं.
तिची लेक मेर्सिनला आहे, रात्री झोपत नाही,
म्हणून मी निघालेय.

तर त्या शांततेत मागून उबैदा,
त्याच्या मोडक्यातोडक्या तुर्कीत:
"सतरानंतर अठरा."
सेहेरनं काटा एक रेघ सरकवला.
मग एकोणीस कुणी करायचे यावरून भांडण,
ओढाओढीत मोठा काटा वाकला.
आम्ही पाचपर्यंत पोचलो.
पुढचं तुमच्याकडे.

जादूबिदू काही झाली नाही.
दुसऱ्या दिवशी यामाननं खिडकीची काच फोडली.

अडीचच्या सुमाराला ढिगारा वाहणारे ट्रक जातात, जमीन थरथरते.
दोन मिनिटं आधी म्हणा, "ट्रक येतोय."
आठवडाभर तुम्ही म्हणाल, मग तीच म्हणतील.
तेव्हा तुमचा हात टेबलाची कड धरून असेल.
असू दे.
त्यांना कळतं ते, वाईट वाटत नाही त्यांना.

जाताना किल्ली परत डाव्या कुंडीखाली.
उजवी हलवू नका,
तिथं यामानच्या गोगलगाई आहेत.

— फिक्रिये